पंचाहत्तर रुपयांचे व्रत आणि तासिकेचा हिशेब

आमच्याकडे व्याख्यानमाला भरतात त्या वैशाखात. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, आणि मग गावोगाव तो उचलला गेला. कॉलेजांना सुट्टी लागलेली असते, उत्तरपत्रिका तपासून झालेल्या किंवा होत आलेल्या असतात, आणि ऊन उतरले की माणसे सभागृहाकडे वळतात. श्रोत्यांत प्राध्यापक मंडळी हटकून असते. वक्त्यांत तर असतेच. गावाने प्राध्यापकाला वर्गाबाहेर ऐकण्याचे हे दिवस. तेव्हा प्राध्यापकाच्या पोटापाण्याची गोष्ट काढायची, तर याच दिवसांत काढावी असे आम्हांला वाटले. त्याला एक निमित्तही झाले.

एका व्याख्यानानंतर दाराशी एक तरुण परिचित भेटला. जवळच्या तालुक्याच्या गावी कॉलेजात इतिहास शिकवतो. एम. ए. आहे, सेटची परीक्षा उत्तीर्ण आहे, पीएच. डी. झाली आहे. आम्ही सहज विचारले, "काय, सुट्टी कशी चालली आहे?" तो हसून म्हणाला, "सर, आम्हांला सुट्टी नसते. सुट्टीत आम्ही नसतोच."

वाक्य गमतीचे वाटले, पण त्यात गंमत काही नव्हती. हा गृहस्थ घड्याळी तासिका तत्त्वावर काम करतो. म्हणजे असे की, जेवढे तास त्याने वर्गात शिकवले तेवढ्या तासांचे पैसे त्याला मिळतात. एप्रिलमध्ये वर्ग बंद झाले की त्याचे नाव हजेरीपटावरून जाते. जून-जुलैत पुन्हा जाहिरात येते, पुन्हा मुलाखत होते, आणि नशीब बरे असले तर पुन्हा नेमणुकीचा कागद हातात पडतो. असे त्याला नववे वर्ष चालू आहे. मधल्या दोन-तीन महिन्यांत तो कॉलेजचा कोणी नसतो. ज्या खुर्चीवर बसून तो आमच्याबरोबर व्याख्यान ऐकत होता, तिच्यावर तो त्या दिवशी प्राध्यापक म्हणून बसलेला नव्हता.

कॉलेजातील शिक्षकांच्या पगाराविषयी बोलू लागले की सभ्य समाजात दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले वाक्य: हल्ली प्राध्यापकांना लाखांनी पगार मिळतात. दुसरे वाक्य: पूर्वीचे लोक पंचाहत्तर रुपयांवर कॉलेज चालवीत. दोन्ही वाक्ये खरी आहेत. मात्र ती ज्या कारणासाठी उच्चारली जातात, ते कारण खरे नाही. प्रथम पंचाहत्तर रुपयांकडेच वळू, कारण त्या आकड्याचा दबदबा आपल्या मनावर अजून आहे, आणि तो असावा हेही योग्यच आहे.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी, केळकर अशा मंडळींनी चालवलेला हा उद्योग. जो आजीव सदस्य होईल त्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करावी आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर संसार करावा, असा दंडक तेथे रूढ झाला. सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट पगार मिळू शकेल अशी ही माणसे होती. गोखल्यांनी ते व्रत पाळले. कर्वे १८९१ साली तेथे गणित शिकवावयास आले आणि १९१४ पर्यंत राहिले. रघुनाथराव परांजपे केंब्रिजला १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले. हिंदुस्थान सरकारने पायघड्या घातल्या असत्या, पण ते परत येऊन पंचाहत्तर रुपयांवर रुजू झाले आणि १९०२ पासून प्राचार्यपद सांभाळू लागले. हे सगळे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

पण या गोष्टीतला एक भाग आपण सोडून देतो. ती माणसे कोणाची नोकर नव्हती. संस्था त्यांची होती. तेथे आजीव सदस्याला कारभारात मत होते. कोणता विषय काढावा, कोणाला घ्यावे, पैसा कोठून आणावा आणि कोठे खर्चावा, हे तेच ठरवीत. पगार थोडा होता, पण तो सर्वांना सारखा होता. प्राचार्याला वेगळा आणि नव्याने आलेल्या सदस्याला वेगळा, असा प्रकार नव्हता. आणि वीस वर्षांचा करार दोन्ही बाजूंनी होता: सदस्य संस्था सोडणार नाही, तशी संस्थाही सदस्याला उन्हाळ्यात घरी बसवणार नाही. त्याग केला तो स्वतःच्या घरासाठी केला, असे म्हटले तरी चालेल.

बरे, एवढे असूनही पगाराचा प्रश्न तेथे सुटला होता काय? मुळीच नाही. टिळकांनी १८९० साली सोसायटीचा राजीनामा दिला, त्याच्या मुळाशी इतर मतभेद होतेच, पण पैशाचाही होता. टिळकांचा आग्रह असा की, आजीव सदस्याने ठरल्या वेतनात राहावे, सारा वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरून काही मिळवू नये. जेझुइट पाद्र्यांसारखी ही निष्ठा असावी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, संसार वाढतात, गरजा वाढतात, आणि नेमलेले काम चोख केल्यावर उरलेल्या वेळेचे काय करावे हे ज्याने त्याने ठरवावे. कोणाचे बरोबर होते हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. एवढेच पाहावे की, जी माणसे खरोखर व्रतस्थ होती, एकमेकांचे स्नेही होती आणि एकाच ध्येयाने बांधलेली होती, त्यांच्यातही पाच-दहा वर्षांत अपुऱ्या वेतनाने फट पाडली. मनुष्य कितीही मोठा असो, भाताचा भाव त्याला चुकत नाही.

त्याच १८८५ साली तिकडे कलकत्त्यात एक वेगळी गोष्ट घडत होती. जगदीशचंद्र बोस विलायतेहून शिकून आले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. काम तेच, वर्ग तेच, विद्यार्थी तेच. पण गोऱ्या प्राध्यापकाला जो पगार, त्याच्यापेक्षा कमी पगार हिंदी प्राध्यापकाला, असा रिवाज होता. बोसांनी भांडण केले नाही, नोकरीही सोडली नाही. त्यांनी पगार घेण्याचेच नाकारले. तीन वर्षे ते नेमाने शिकवत राहिले आणि पगाराला हात लावला नाही. अखेर सरकारला त्यांचे म्हणणे मान्य करून मागची बाकी चुकती करावी लागली.

पुण्याचे पंचाहत्तर रुपये आणि कलकत्त्याचा नाकारलेला पगार या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे प्रश्न नीट दिसू लागतो. एका ठिकाणी सर्वांनी मिळून, समजून-उमजून थोडे घेतले. दुसऱ्या ठिकाणी एकाच कामाला दोन दर लावले, आणि स्वाभिमानी माणसाने त्यातला हलका दर घेतला नाही. आज आपल्या कॉलेजांतून जे चालले आहे ते यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हा खरा विचार आहे. कातडीचा रंग पाहून पगार ठरत नाही हे खरे. पण नेमणुकीची तारीख पाहून तो ठरू लागला आहे.

हे कसे झाले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्याकडे कॉलेज बहुधा खाजगी संस्था काढते. सत्तरीच्या दशकापर्यंत त्या संस्थेतील प्राध्यापकाचे भवितव्य विद्यार्थ्यांच्या फीवर आणि चालकांच्या मर्जीवर अवलंबून असे. फी कमी जमली की पगार लांबे. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ साली स्थापन झाला व १९५६ साली त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्याने वेतनश्रेणी सुचवायला आरंभ केला. १९७३ च्या श्रेणीत अधिव्याख्याता सातशे रुपयांवर लागे. राज्य सरकारने या श्रेणी स्वीकारल्या आणि अनुदानित कॉलेजांतील पगाराचा भार तिजोरीवर घेतला. कॉलेज संस्थेचे, नेमणूक संस्थेची, पण पगार सरकारचा, अशी ती व्यवस्था. तिच्यात दोष पुष्कळ आहेत. पण खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा थोड्या फीत पदवीधर होऊ लागला तो याच व्यवस्थेमुळे, आणि त्याला शिकवणारा माणूस निर्धास्तपणे घर बांधू लागला तोही हिच्यामुळेच.

पुढे श्रेणी वाढत गेल्या. १९८६ साली आरंभ २,२०० वर आला, १९९६ साली ८,००० वर, आणि २०१६ पासून लागू झालेल्या श्रेणीत सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० झाले. ही वाढ कोणी फुकट दिली नाही. महागाई आणि इतर सरकारी नोकरांचे पगार यांच्याबरोबर ती आली. तीही सुखासुखी आली असे नाही. १९८७ साली देशभरच्या प्राध्यापकांनी संप केला. २०१३ साली महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी फेब्रुवारीपासून मेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा पालक चिडले होते, आणि त्यांचे चिडणे समजण्यासारखे होते. निकाल अडला की घरात काय होते हे आम्हीही पाहिले आहे.

मात्र प्रत्येक वेतनवाढीच्या मागे एक हिशेब लपलेला असतो, आणि तो सभेत कोणी सांगत नाही. श्रेणी सुचवतो दिल्लीचा आयोग. पगार देते राज्याची तिजोरी. शिक्षण हा विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीने केंद्र आणि राज्य या दोघांच्या समाईक सूचीत आला, पण समाईक विहिरीचे होते तसे झाले: पाणी दोघांचे, गाळ काढण्याची पाळी एकाची. २००६ च्या श्रेणीसाठी केंद्राने वाढीव खर्चाचे ऐंशी टक्के द्यायचे कबूल केले, पण ते ३१ मार्च २०१० पर्यंतच. २०१६ च्या श्रेणीसाठी तो वाटा पन्नास टक्क्यांवर आला आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत होती. महाराष्ट्र सरकारने नव्या श्रेणीचा निर्णय काढला ८ मार्च २०१९ रोजी. मुदत सरायला तेवीस दिवस उरले होते. त्यानंतरचा सगळा भार राज्याचा, आणि तोही कायमचा.

आता राज्याच्या अर्थखात्यातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. श्रेणी कमी करता येत नाही. न्यायालय आहे, संघटना आहेत. फी वाढवली तर विद्यार्थी रस्त्यावर येतात. मग वाचवायचे कोठे? सोपी वाट एकच: माणूस निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही. महाराष्ट्रात २०१७ साली भरतीवर बंदी आली. २०१८ साली ३,५८० जागा भरण्याची परवानगी निघाली. त्यांतल्या काही भरल्या, तोच २०२० साली कोरोनाच्या साथीत भरती पुन्हा थांबली. २०२१ साली उरलेल्या २,०८८ जागांना नव्याने परवानगी द्यावी लागली. दरम्यान माणसे निवृत्त होतच होती. वेळापत्रक मात्र निवृत्त होत नाही. सोमवारी सकाळी साडेदहाला द्वितीय वर्षाचा इतिहास असतो, आणि तेथे कोणी तरी उभे राहावेच लागते. त्या 'कोणी तरी'चे नाव तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक.

याच्या जोडीला दुसरी वाट १९८३ पासून उघडली गेली होती. त्या वर्षी महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय कॉलेजांना परवानगी दिली. २००१ साली तर नवी कॉलेजे कायम विनाअनुदान तत्त्वावरच निघतील असे धोरण ठरले. 'कायम' हा शब्द आपल्या शासनाने फार थोड्या ठिकाणी वापरला आहे. तो येथे वापरावा हे विलक्षण आहे. ज्या कॉलेजात अनुदान कधीच मिळणार नाही, तेथे शिक्षकही बहुधा कायम होत नाही. देशातल्या कॉलेजांच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत शंभरातली सुमारे पासष्ट कॉलेजे खाजगी विनाअनुदानित होती. म्हणजे आम्ही येथे जी अनुदानित कॉलेजांची गोष्ट सांगत आहो, ती त्यातल्या त्यात बऱ्या घराची गोष्ट आहे.

आता त्या तरुण इतिहास-शिक्षकाचा हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत आणि मांडणी आमची आहे, पण पेन्सिल घेऊन कोणालाही ताडून पाहता येईल. पदवीच्या वर्गावरील एका तासिकेचे नऊशे रुपये धरू, आणि त्याच्या वाट्याला आठवड्याच्या नऊ तासिका धरू. याहून अधिक काम एकाला द्यायचे नाही अशी काळजी घेतली जाते. का, ते सुज्ञांस सांगणे नलगे. आठवड्याचे झाले ८,१०० रुपये. अध्यापनाचे आठवडे वर्षात तीस. वर्षाचे झाले २,४३,०००, म्हणजे बारा महिन्यांवर पसरले तर महिना सुमारे वीस हजार. तेही वेळेवर आले तर. बिल विद्यापीठ-कॉलेज-सहसंचालक अशा टेबलांवरून फिरत जाते, आणि दिवाळीचे पैसे होळीला हाती पडतात असा अनुभव या मंडळींत सार्वत्रिक आहे. त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसणाऱ्या नव्या पण कायम सहायक प्राध्यापकाला मूळ वेतन अधिक महागाई व घरभाडे धरून महिन्याला नव्वद हजारांच्या पुढे मिळतात. वर्षाचे सुमारे १०,८०,०००. त्याच्यावर आठवड्याला सोळा तास शिकवण्याचे बंधन आहे. नऊ तासांचे प्रमाण काढले तर सहा लाखांच्या वर येते. म्हणजे त्याच कामाचे एकाला शंभर, तर दुसऱ्याला चाळीस.

हाच हिशेब विद्यार्थ्याच्या बाजूने करून पाहू. साठ विद्यार्थ्यांचा एक वर्ग घ्या, त्याला आठवड्याला बत्तीस तासिका द्या. सोळा तासांप्रमाणे दोन कायम प्राध्यापक लागले. वर्षाचा खर्च २१,६०,०००, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यामागे ३६,०००. तोच वर्ग तासिकेच्या दराने चालवला तर तीस आठवड्यांत खर्च येतो ८,६४,०००, विद्यार्थ्यामागे १४,४००. दोहोंतला फरक विद्यार्थ्यामागे २१,६०० रुपये. सरकारने तो दिला नाही, संस्थेने दिला नाही, पालकानेही दिला नाही. पण शिक्षण तर झाले, पदवी तर मिळाली. मग तो कोणी दिला? तो वर्गात खडू घेऊन उभा असलेल्या माणसाने दिला; आपल्या बायकोच्या दवाखान्यातून, लांबलेल्या लग्नातून, म्हाताऱ्या आईबापांच्या औषधातून दिला. आपल्या गावातल्या उच्च शिक्षणाचा मोठा देणगीदार तोच आहे. त्याच्या नावाची पाटी मात्र कोणत्याही इमारतीवर नाही.

यावर आमचे स्नेही म्हणतात, आठवड्याला सोळा तास काम आणि त्याला लाखाच्या घरात पगार, हे तरी कोठे रास्त? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. सोळा तास हे वर्गात उभे राहण्याचे. आयोगाच्या नियमात आठवड्याचे एकूण काम चाळीस तासांपेक्षा कमी नसावे असे म्हटले आहे. तयारी, तपासणी, विद्यार्थ्यांची भेट, संशोधन, परीक्षा आणि अलीकडे वाढलेले कागदी घोडे यांत बाकीचे तास जातात, निदान जावेत. जे प्राध्यापक ते तास देत नाहीत ते आहेत. आम्ही त्यांना ओळखतो, तुम्हीही ओळखता. कायम नेमणुकीसाठी उमेदवाराकडून मोठ्या रकमा मागितल्या जातात हेही गावात कोणापासून लपलेले नाही, आणि असा पैसा देऊन आलेला माणूस पुढे वर्गाकडे कोणत्या नजरेने पाहील हे सांगायला नको. पण आळशी माणसाला जाब विचारण्याचा उपाय वेगळा आणि मेहनती माणसाला अर्धपोटी ठेवण्याचा उपाय वेगळा. आपण दुसरा उपाय करतो आणि पहिला केल्याचे समाधान मानतो.

शिवाय तासाच्या हिशेबाने कॉलेजाचे काय होते ते पाहावे. तासिकेवरचा शिक्षक तास संपला की निघतो. त्याला निघावेच लागते, कारण दुसऱ्या कॉलेजातला तास बावीस किलोमीटरवर आहे. आमचा हा परिचित सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी शिकवतो. मधला वेळ मोटारसायकलवर जातो. तास संपल्यावर व्हरांड्यात विद्यार्थी गाठतो, "सर, जरा शंका होती," म्हणतो, तेव्हा सर हेल्मेट घालत असतात. ज्यांचे आयुष्य कॉलेजने घडवले अशा माणसांना विचारा, त्यांना काय आठवते? तास आठवत नाहीत. तासानंतरची दहा मिनिटे आठवतात. ग्रंथालयात सरांनी हातात ठेवलेले पुस्तक आठवते. त्या दहा मिनिटांचे बिल कोणत्याही नमुन्यात भरता येत नाही, म्हणून ती गेली. संशोधन तर दूरच राहिले. पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो पाच वर्षांचे काम हाती घेणार कसा? आणि मुलाखतीला बसणाऱ्यांची मर्जी राखणे ज्याला दरवर्षी भाग आहे, त्याच्याकडून वर्गात निर्भीड मताची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

कायदा काय म्हणतो? कायदा बरेच म्हणतो. समान कामाला समान वेतन हे तत्त्व घटनेच्या ३९ व्या कलमात आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत असे नमूद केले आहे की, कंत्राटी शिक्षक अगदी निकड असेल तरच नेमावेत, त्यांची संख्या एकूण जागांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, आणि त्यांचे मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनाहून कमी नसावे. पाहुण्या शिक्षकासाठी आयोगानेच २०१९ साली तासाला १,५०० रुपये व महिन्याला ५०,००० पर्यंत असा दर सुचवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या एका प्रकरणात तात्पुरत्या नोकरांनाही समान वेतनाचे तत्त्व लागू केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतील अभियांत्रिकी कॉलेजांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. त्यांना महिना ३०,००० मिळत होते; बरोबरीने काम करणाऱ्या नियमित प्राध्यापकांना त्याच्या चौपटीहून अधिक. न्यायालयाने त्यांना नियमित श्रेणीचे किमान वेतन देण्याचा हुकूम केला, आणि समारंभांतून गुरूला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणत राहणे पुरेसे नाही, ती श्रद्धा शिक्षकाला दिल्या जाणाऱ्या वागणुकीत दिसली पाहिजे, अशा आशयाचे खडे बोल सुनावले. निवाडा मोलाचा आहे. पण प्रत्येक इतिहास-शिक्षकाने दिल्लीपर्यंत जावे ही काही व्यवस्था नव्हे. आठवड्याला ८,१०० रुपये मिळवणारा माणूस वकील कोणत्या दराने लावणार?

तेव्हा पुन्हा पैशाकडेच यावे लागते. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले की, १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत. १९६८ च्या धोरणात ते आले, पुढच्या धोरणांत आले, २०२० च्या धोरणातही पुन्हा आले. साठ वर्षे होत आली, पण तो आकडा एकदाही गाठला गेला नाही. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त दरवर्षी काढावा आणि मांडव कधीच घालू नये, तसा हा प्रकार. आमचे मत विचाराल तर, पैसा नाही हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पूल पडला तर दिसतो, म्हणून पुलाला पैसा मिळतो. कॉलेज पडते तेव्हा इमारत उभीच असते, पताका लावलेल्या असतात, पदवीदान होते. पडझड आत, माणसांत झालेली असते, आणि ती बाहेरून जाणाऱ्याला दिसत नाही.

फी वाढवून हा भार पालकांवर टाकावा असेही सुचवले जाते. वरच्या हिशेबातले ३६,००० ज्यांना सहज देता येतील त्यांनी ते द्यावेत, याला आमची हरकत नाही. त्यांची मुले बहुधा अशा कॉलेजात येतच नाहीत. येतात ती मोलमजुरी करणाऱ्यांची, अल्पभूधारकांची, रिक्षावाल्यांची मुले आणि मुली. मुलींचे तर असे की, फी चार हजारांनी वाढली की पहिल्यांदा तिचेच नाव काढले जाते, भावाचे राहते. सार्वजनिक तिजोरीतून कॉलेज चालवण्याचे जे मूळ कारण होते, ते कारण अजून घराघरात बसलेले आहे.

या विषयाची दुसरी बाजू मांडणारे श्रोते असतील, आणि त्यांतले काही संस्थाचालकही असतील. त्यांची अडचण आम्ही जाणतो. जागा मंजूर, पण भरायला परवानगी नाही. वर्ग चालवायचे, पण पैसा नाही. त्यांतल्या काहींनी स्वतःच्या निधीतून तासिकेवाल्यांना सुट्टीतही काही रक्कम दिली आहे, हेही आमच्या पाहण्यात आहे. पण गावाला यात काहीच करता येत नाही असे मात्र नव्हे. मूल्यांकनासाठी कॉलेज जो अहवाल पाठवते, त्यात मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती हे लिहावे लागते, आणि तो अहवाल कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो. आपण जूनमध्ये मुलाचा प्रवेश घ्यायला जातो तेव्हा वसतिगृह विचारतो, निकालाची टक्केवारी विचारतो, नोकऱ्या किती लागल्या ते विचारतो. तुमच्याकडे इतिहास कोण शिकवतो, तो कायम आहे का, आणि गेल्या महिन्याचा पगार त्याला मिळाला का, हे तीन प्रश्न त्याच खिडकीशी विचारता येतील. आमच्या त्या परिचिताला आम्ही हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "विचारा, पण माझे नाव नका घेऊ. चौदा तारखेला मुलाखत आहे."